कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि त्याची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाऊन हॉल, त्यातलं संग्रहालय आणि भोवतालची बाग यांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही पर्यटकांचे असतात, काही शाळांचे आणि बरेचसे कोल्हापूरकरांचेच. सगळी उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, दुरुस्तीचे आणि कायद्याचे किचकट प्रश्न पुढे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. टाऊन हॉल नेमका कुठे आहे? बाग आणि संग्रहालय एकच का?

भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हॉस्पिटलच्या समोरच्या भागात. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच याच परिसरात सुरू झालं, त्यामुळे आता वर्दळ फार असते. गाडी लांब लावून चालत आलेलं बरं.

इमारतीत राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं संग्रहालय आहे. त्याला तिकीट आहे आणि ते सोमवारी बंद असतं. भोवतालची बाग महापालिकेकडे आहे. कारभार दोन असले तरी बांधणारानं इमारत आणि बाग वेगळ्या काढलेल्या नव्हत्या. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर येतात.

2. ही इमारत कुणी बांधली, आणि कशासाठी?

बांधकाम 1872 ते 1876 या काळात झालं. आराखडा चार्ल्स मॅन्ट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. सार्वजनिक सभा-समारंभांसाठी शहराला एक मोठं सभागृह हवं, ही त्यामागची कल्पना.

काळ लक्षात घेतला तर चित्र स्पष्ट होतं. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना वारले. 1871 मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान होते, त्यामुळे कारभारावर इंग्रजांचा हात होता. टाऊन हॉल, भोवती सार्वजनिक बाग, जवळच दवाखाना ही रचना त्याच राजवटीतून आली. दरबार राजवाड्यात भरायचा. सभेसाठी बागेत उभी केलेली इमारत ही इथल्या लोकांना नवी गोष्ट होती.

3. टाऊन हॉल शाहू महाराजांनी बांधला ना?

नाही. शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा. टाऊन हॉल पूर्ण झाला तेव्हा ते जेमतेम दीड-दोन वर्षांचे होते आणि कागलच्या घाटगे घराण्यातच होते. कोल्हापूरच्या गादीवर ते 1884 मध्ये दत्तक आले आणि राज्यकारभाराची सूत्रं त्यांनी 1894 मध्ये हाती घेतली. कोल्हापुरातली प्रत्येक जुनी वास्तू त्यांच्या नावावर टाकायची आपल्याला सवय आहे आणि त्यामागचं प्रेम मला कळतं. पण महाराजांनी जे केलं तेच एवढं आहे की दुसऱ्याचं श्रेय त्यांना द्यायची गरज पडत नाही.

4. हिची शैली कोणती? न्यू पॅलेस राजवाड्यासारखी का दिसत नाही?

ही गॉथिक वळणाची इमारत आहे. टोकदार कमानी, तीव्र उताराची छपरं, वर निमुळते होत गेलेले मनोरे, पोर्च आणि काळ्या घडीव दगडाचं काम. पोर्चमधल्या खांबांचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. पद्धत विलायती आहे, पण हात इथल्या पाथरवटाचा आहे. आपला बेसाल्ट कठीण असतो, छिन्नीला सहज दाद देत नाही. अशा दगडात पानाफुलांचं काम काढणं सोपं नव्हतं.

मुंबईच्या प्रसिद्ध गॉथिक इमारतींशी सालं ताडून पाहा. मुंबई हायकोर्टाची इमारत आणि राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाले, बोरीबंदर तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे कोल्हापूरचा टाऊन हॉल त्यांच्या आधी उभा होता.

न्यू पॅलेस मॅन्टचाच, 1877 ते 1884 मधला. मधल्या काळात त्याचा विचार बदलत गेला होता. तिथे त्यानं गुजरात-राजस्थानकडच्या आणि इथल्या वास्तुपद्धती युरोपीय आराखड्यात मिसळल्या. मॅन्ट 1881 मध्ये वारला, त्यामुळे न्यू पॅलेस पूर्ण झालेला त्याला पाहायला मिळाला नाही. टाऊन हॉल पाहून त्याच दिवशी न्यू पॅलेसला जा. एकाच माणसाच्या कामात काही वर्षांत पडलेला फरक समोर दिसतो.

5. याच वास्तुविशारदाचं काम इटलीत आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. राजाराम महाराजांचं निधन इटलीत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबर 1870 रोजी झालं. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. कासिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे तिथे छत्री उभारली गेली, तिचा आराखडा मॅन्टचा. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही ‘इंदियानो’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

म्हणजे त्या काही वर्षांत मॅन्टनं कोल्हापूरसाठी दोन बागांमध्ये दोन वास्तू रेखाटल्या. परक्या बागेत आपल्या वळणाची छत्री आणि आपल्या बागेत विलायती वळणाचं सभागृह. मला या दोन वास्तू नेहमी जोडीनंच आठवतात.

6. सभागृहाचं संग्रहालय कधी झालं? आत काय चुकवू नये?

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं. ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांच्या नावाशी ते जोडलेलं आहे. तिथे सापडलेल्या वस्तू ठेवण्यासाठी संग्रहालय सुरू झालं आणि 1949 मध्ये, कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच वर्षी, ते टाऊन हॉलमध्ये आलं.

चुकवू नये अशी वस्तू म्हणजे ब्रह्मपुरीला मिळालेला पॉसायडनचा ब्राँझचा पुतळा. पॉसायडन हा ग्रीक-रोमन समुद्रदेव. पुतळा लहान आहे, त्यामुळे घाईत फिरणाऱ्यांच्या नजरेतून निसटतो. सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून इथवर येत होता, याचा हा पुरावा. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी हा देव कुणी जपून ठेवला असेल, हा विचार तिथे उभं राहून करावा.

त्याशिवाय शस्त्रं, नाणी, मूर्ती आणि चित्रं आहेत. चित्रकार आबालाल रहिमान यांचं काम पाहायला मिळालं तर तिथे वेळ द्या. जेवढं पाणी आणि आकाश त्यांनी पाहिलं, तेवढं कोल्हापुरात क्वचितच कुणी पाहिलं असेल.

7. आवारात उघड्यावर ठेवलेले कोरीव दगड कसले? त्यांना शेंदूर लावतात ते योग्य का?

त्यात वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ गावानं उभारलेला दगड तो वीरगळ. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत मृत्यू, कधी शेजारी गाईंचा कळप, म्हणजे गुरं वाचवताना आलेलं मरण. त्यावर लढाई, मग अप्सरा वीराला वर नेताना, आणि सगळ्यात वर तो शिवपिंडीची पूजा करताना. कडेला चंद्रसूर्य असतात, ते आहेत तोवर कीर्ती राहील म्हणून.

शेंदूर, तेल, हळद काहीही लावू नका. थर चढत गेले की कोरीवकाम बुजतं आणि तेलावर धूळ बसून दगड चिकट होतो. गावातल्या पूजेतल्या वीरगळाची गोष्ट वेगळी, तिथे परंपरा आहे. इथे फूल समोर ठेवलंत तरी नमस्कार पोचतो.

8. टाऊन हॉल बांधला ‘त्या काळची बाग’ म्हणजे नेमकी कशी?

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ज्या सार्वजनिक बागा झाल्या, त्यांचा साचा साधारण एकसारखा होता. मधोमध किंवा एका टोकाला वास्तू, तिच्याकडे नेणारा घोडागाडी वळेल असा रस्ता, हिरवळ, कडेनं झुडपांच्या रांगा, आणि सावलीसाठी दूरदूर लावलेली मोठी झाडं. या अंतराला हेतू होता. झाड पन्नास वर्षांनी केवढं होईल याचा विचार करून खड्डा घेतला जाई. वास्तू एकदम अंगावर येऊ नये, झाडांमधून थोडी थोडी उलगडत जावी, अशी ती योजना असे.

झाडं जगभरातून येत. गुलमोहोर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, कैलासपती, नीलमोहोर, बोगनवेल ही सगळी दक्षिण अमेरिकेकडची. त्यांच्या जोडीला आपले वड, बकुळ, सोनचाफा, सीताअशोक. ही सरमिसळ हाच त्या बागांचा स्वभाव होता. हौसेची किंमतही आपण मोजली. बागेसाठी आणलेली घाणेरी आज सगळ्या माळांवर पसरली आहे, आणि शोभेची म्हणून आलेली जलपर्णी रंकाळा तलावाला आणि पंचगंगेला काय करते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

9. मग परदेशी झाडं काढून सगळी देशी लावावीत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्साही तरुण मंडळींकडून येतो. माझं उत्तर: उभं असलेलं मोठं झाड, कुठलंही असो, काढू नये. नवीन लावताना देशी निवडावं.

कारण साधं आहे. शंभर वर्षांच्या पर्जन्यवृक्षाखाली जी सावली, जो गारवा आणि जे पक्षी आहेत ते नवीन रोपाखाली यायला आपली हयात पुरणार नाही. शिवाय ऐतिहासिक बागेत ते झाड हाच इतिहासाचा भाग असतो. आणि परदेशी म्हणून बोट दाखवायचं तर दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही मध्य अमेरिकेतला. अपवाद पसरणाऱ्या जातींचा. घाणेरी किंवा सुबाभूळ आपोआप उगवून आली असेल तर ती जरूर उपटावी.

10. झाडांवरच्या वटवाघळांना हाकलत का नाहीत? आजार पसरत नाही का?

मोठी फळखाऊ वटवाघळं शहरातल्या उंच, जुन्या झाडांवरच वस्ती करतात, कारण त्यांना वरून झेप घ्यायला मोकळी जागा लागते. रात्री ती फुलांचं परागीभवन करतात आणि वड-उंबराच्या बिया लांबवर टाकतात. पूर्वी कायद्यानं ती उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते परिशिष्टच गेलं.

काळजी एवढीच घ्यायची: खाली पडलेली अर्धवट खाल्लेली फळं खाऊ नयेत, पडलेलं किंवा मेलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नये. फटाके लावून हाकलली तर ती घाबरून विखुरतात आणि वस्ती घरांजवळच्या झाडांवर सरकते.

11. दुरुस्तीला सिमेंट का चालत नाही? ते तर जास्त मजबूत असतं.

मजबूत असतं म्हणूनच चालत नाही. सविस्तर सांगतो, कारण टाऊन हॉलइतकंच हे शहरातल्या गंगावेशीतल्या जुन्या वाड्यालाही लागू आहे.

काळा बेसाल्ट दाट असतो, त्यातून ओल जवळजवळ जातच नाही. पावसाळ्यात भिंतीत शिरलेलं पाणी आत येतं ते दोन दगडांमधल्या सांध्यांतून, म्हणजे दरजांतून, आणि बाहेरही तिथूनच पडतं. दरजा चुन्याच्या असतील तर भिंत उन्हाळ्यात हळूहळू वाळते. वरून सिमेंट थापलं की बाहेरची वाट बंद. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतातच, त्यांतून पाणी आत जात राहतं, पण निघत नाही. मग ते आतल्या गिलाव्याकडे आणि भिंतीत रोवलेल्या तुळयांच्या टोकांकडे वळतं. गिलावा फुगतो, पांढरा खार येतो, सागवानाचं टोक आतून कुजतं, वाळवी येते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि छप्पर एका बाजूला बसायला लागतं. सिमेंट काढायला गेलं तर दगडाची कडही सोबत निघून येते.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कठीण होतो. त्याला वेळ लागतो. कळीचा चुना विरवून मुरवायचा, वाळू किंवा सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यावर मळायचा, काही गवंडी गुळाचं, बेलफळाचं, हिरड्याचं पाणी घालतात. भरल्यावर दरजा काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. घाईच्या ठेकेदाराला हे नको असतं, म्हणून सिमेंट येतं.

12. दुरुस्ती बरी झाली की नुसती रंगरंगोटी झाली, हे सामान्य माणसानं कसं ओळखावं?

दरजाजवळ जा. चुन्याची दरज फिकट, दुधाळ रंगाची, थोडी खरखरीत आणि दगडाच्या पातळीच्या किंचित आत असते. सिमेंटची दरज करडी असते, आणि बऱ्याचदा दगडावर पसरून उंचवट्यासारखी काढलेली. मग दगडाचा चेहरा बघा. छिन्नीच्या टाक्यांच्या खुणा जिथे दिसतात तिथे दगड मूळ अवस्थेत आहे. चकचकीत, तेलकट दिसत असेल तर वार्निश किंवा रंग मारलेला आहे. वाळूच्या माऱ्यानं साफ केलेला दगड गुळगुळीत आणि कडा गोलावलेल्या दिसतात.

शेवटी पावसात या. पन्हळीचं पाणी भिंतीपासून दूर पडतंय का ते पाहा. तेवढं नीट असेल तर बाकीच्या बऱ्याच चुका इमारत सोसते.

13. दगडावर शेवाळ आलंय, अॅसिडनं धुतलं तर?

नको. अॅसिड चुना खातं, म्हणजे प्रश्न 11 मधलं सगळं स्वतःच्या हातानं सुरू करून देणं. मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही पावसाळा संपल्यावर. एकाच जागी शेवाळ परत परत येत असेल तर वर पन्हळ फुटलेली असते. ती शोधा.

14. भिंतीत उगवलेला पिंपळ उपटून टाकला तरी परत येतो. काय करावं?

पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दरजेत पडतं. रोप बोटभर असताना ओल्या दिवसांत अलगद उपटलं तर मुळासकट निघतं. खोड अंगठ्याएवढं झालं की ओढू नका, मूळ दगडाला घेऊनच बाहेर येतं. अशा वेळी खोड भिंतीलगत कापायचं, कापलेल्या तोंडावर लगेच जाणकाराच्या सल्ल्यानं तणनाशक लावायचं, मूळ आतल्या आत मरू द्यायचं, आणि मग पोकळी चुन्यानं भरायची. नुसतं कापून सोडलं तर चार फांद्यांनी वर येतं.

बागेत लावलेल्या पिंपळाला यातलं काहीही लागू नाही. त्याला हात लावायचा नाही.

15. बागेच्या पाण्याचा इमारतीला त्रास होतो का?

होतो, आणि हा मुद्दा सहसा सुटतो. तीन गोष्टी पाहायच्या. हिरवळीचा फवारा भिंतीवर उडतो का. दरवर्षी माती आणि खत टाकून जमीन जोत्याच्या वर चढली आहे का. आणि जोत्याला लागून पेव्हिंग ब्लॉक बसवलेत का. मातीवर पडलेलं पाणी उन्हात वाळून जातं, ब्लॉकखाली शिरलेलं अडकतं आणि पायाकडे सरकतं. हेच ब्लॉक झाडाच्या बुंध्याला भिडवले तर झाडाचा श्वास कोंडतो आणि वळवाच्या वाऱ्यात ते आडवं होतं.

जोत्याभोवती हातभर रुंद उघडी पट्टी, खडी पसरलेली, बाहेर उतार असलेली, एवढ्यानं फार फरक पडतो. इमारत एका खात्याकडे आणि बाग दुसऱ्याकडे असते, तेव्हा ही पट्टी कुणाचीच नसते. जतनाचं काम तिथूनच सुरू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

16. आमच्या बंगल्यातलं जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं का? फांदी तोडता येते का?

महाराष्ट्रातला नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा 1975 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष मानलं जातं, मग ते खासगी जागेत का असेना. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगी मिळालीच तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची, अशी तरतूद आहे. धोकादायक फांदीसाठीही आधी अर्ज करा आणि फोटो काढून ठेवा.

17. आमचा जुना वाडा दुरुस्त करायचा आहे. टाऊन हॉलचे नियम आम्हालाही लागतात का?

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे आधी नगररचना विभागात विचारा. यादीत असेल तर बाहेरच्या बदलांना वारसा समितीची मान्यता लागते. यादीत नसेल तर ती अट नाही, पण प्रश्न 11 ते 15 मधलं दगड-चुन्याचं शास्त्र तुमच्या भिंतीलाही तेच आहे. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नाही ही तक्रार खरी आहे. जुन्या देवळांच्या दुरुस्तीची कामं जिथे चालू असतात तिथे विचारा, असे हात तिथेच टिकून आहेत.

18. शाळेची सहल आणायची आहे, केव्हा आणावी?

दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी. आधी बाग, मग इमारतीला बाहेरून एक फेरी, आणि संग्रहालय शेवटी. उलटं केलं तर मुलं बागेत पोचेपर्यंत दमलेली असतात. प्रत्येकाला एक वीरगळ वाटून द्या आणि खालून वर वाचायला सांगा (प्रश्न 7).

19. प्री-वेडिंग शूट करता येतं का?

बागेसाठी महापालिकेची आणि संग्रहालयाच्या आवारासाठी संग्रहालयाची, अशी दोन्हीकडची लेखी परवानगी घ्या. खांबांवर चढणं, वीरगळांवर बसणं, रंगीत धूर सोडणं परवानगी असली तरी टाळा. धुराचा रंग दरजांत बसतो.

20. घरात टाऊन हॉलचा जुना फोटो सापडलाय. त्याचा काही उपयोग आहे का?

खूप आहे. इमारतीचं मूळ रूप दगडावरून बरंचसं कळतं, पण बागेचं कळत नाही. कुठला रस्ता कुठून वळत होता, कारंजं होतं का, झाड किती लहान होतं, हे सांगायला जुने फोटोच लागतात. लग्नाचा, शाळेचा, सहलीचा फोटो असेल तरी माणसांच्या मागे काय दिसतं ते पाहा.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका. पूर्ण पानासकट, मागच्या मजकुरासह स्कॅन करून घ्या. माणसांची नावं, अंदाजे साल आणि फोटो कुठल्या बाजूला उभं राहून काढला हे मागे मऊ शिसपेन्सिलनं लिहा, बॉलपेननं नको. मूळ फोटो घरीच राहू द्या आणि स्कॅनची प्रत संग्रहालयाच्या कार्यालयात नेऊन दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, कारण फोटोत न आलेलं बाकीचं त्यांनाच आठवत असतं.